पडद्यावरील यंत्रमानव आणि पालकांची चिंता

बोरगाव मेघे असो वा जवळचे वर्धा शहर, घरच्या दूरचित्रवाणी संचाला खेळाचे यंत्र जोडून मुले महाकाय यंत्रमानवांची युद्धे खेळू लागली की पालकांना पहिली शंका येते ती पैशांची. म्हणून या खेळाचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे.

‘आर्मर्ड कोअर’ हे या प्रकाराचे ठळक उदाहरण होय. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीने हा खेळ १९९७ साली प्लेस्टेशनसाठी काढला. त्याचा सहावा क्रमांकित भाग ऑगस्ट २०२३ मध्ये आला. यंत्रमानवाच्या आत बसून चालक तो चालवितो, ही कल्पना गो नागाई यांच्या १९७२ च्या ‘माझिंगर झेड’ या चित्रकथेने लोकप्रिय केली होती.

प्रत्यक्ष लढाईपेक्षा तिच्या आधीची जुळणी अधिक बोधप्रद आहे. डोके, धड, हात, पाय, जनित्र आणि शस्त्रे निवडून खेळाडू आपले यंत्र उभे करतो. जाड चिलखत चढवावे तर चपळाई जाते आणि पायांची भारक्षमता आड येते. हलके ठेवावे तर मार सोसवत नाही. जनित्राची शक्तीही सर्व भागांना पुरली पाहिजे. कापसाची गाडी भरणाऱ्यास हा हिशेब नवा नाही!

मोहिमेच्या मोबदल्यातून दारूगोळा व दुरुस्तीचा खर्च वजा होतो. बेछूट गोळीबार करून जिंकणाऱ्याच्या पदरी त्यामुळे थोडेच उरते. हे चलन मात्र काल्पनिक असते. मुलगा ‘माझे पैसे संपले’ म्हणाला, तर आधी कोणते पैसे, हे विचारावे. संसदेने २०२५ साली संमत केलेला कायदा पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई करतो; ई-क्रीडा त्याने वेगळ्या मानल्या आहेत. सरसकट बंदीचा ठराव मांडण्यापूर्वी पंचायत सदस्यांनी हा भेद ध्यानी घ्यावा. तथापि, काही खेळांत खरे पैसे देऊन वस्तू विकत घेता येतात. तेथे पालकांनी आपले बँक खाते जोडून ठेवू नये.

१९३७ साली वर्ध्यासच भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला. त्या कसोटीस हा खेळ उतरत नाही. जुळणी पडद्यावरच होते, हाताला वंगण लागत नाही. शिक्षकांनी अशा विद्यार्थ्यास त्याच्या यंत्रमानवाच्या वजनाचा हिशेब फळ्यावर मांडावयास सांगावा आणि नंतर शाळेतील एखादी मोडकी सायकल त्याच्या स्वाधीन करावी.