‘नॉटी बॉय’ आणि ढगांचा पहारेकरी

17 फेब्रुवारी 2024, संध्याकाळचे 5 वाजून 35 मिनिटं. श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ14 हे रॉकेट झेपावलं आणि इन्सॅट-3डीएस या हवामान उपग्रहाला वर सोडून मोकळं झालं. टीव्हीवर धूर दिसला, टाळ्या वाजल्या, बातमी संपली. गमतीजमती राहिल्या त्या या!

पोरगं सुधारलं!
जीएसएलव्हीचं टोपणनाव ‘नॉटी बॉय’. कारणही तसंच. 2010 मध्ये एकाच वर्षात दोनदा आणि 2021 मध्ये पुन्हा एकदा त्यानं ऐनवेळी दगा दिला होता. या उड्डाणानंतर मात्र मोहिमेच्या संचालकांनीच पोरगं शहाणं झाल्याचं जाहीर करून टाकलं.

गाडी केवढी, डबा केवढा!
रॉकेटचं वजन 420 टन, उपग्रहाचं 2,274 किलो. म्हणजे शंभर किलोच्या गाडीतून जेमतेम अर्ध्या किलोचा डबा पोहोचवायचा!

भुईनळा शेवटी
रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचा मधला भाग घन इंधनाचा. दिवाळीतल्या भुईनळ्यासारखा, एकदा पेटला की विझवता येत नाही. म्हणून कडेची चार द्रव इंधनाची इंजिनं काही सेकंद आधी सुरू करतात. ती ठणठणीत चालली, तरच भुईनळ्याला बत्ती! ही ‘विकास’ इंजिनं बनतात कुठे? आपल्या विक्रोळीच्या गोदरेजमध्येही.

19 मिनिटांची सोबत
रॉकेटची साथ एवढीच. ते उपग्रहाला लांबट कक्षेत सोडतं. पुढे आपलं इंजिन पेटवत पेटवत उपग्रहानं स्वतःच सुमारे 36,000 किलोमीटरची उंची गाठायची. तिथली एक फेरी आणि पृथ्वीची एक गिरकी यांना सारखाच वेळ लागतो. त्यामुळे उपग्रह आपल्या डोक्यावर खिळल्यासारखा राहतो.

बैलगाडीचं गुपित
आता जरा जुन्या उपग्रहांकडे वळू. 1981 मधला ‘ॲपल’ हा आपला दळणवळण उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला फोटो आठवतो? ती गरिबी नव्हती, हुशारी होती. अँटेनाच्या चाचणीत लोखंडी गाडीचा अडथळा नको, म्हणून लाकडी गाडी!

एका दगडात तीन पक्षी
टेलिफोन, टीव्ही आणि हवामान ही तिन्ही कामं एकाच उपग्रहाकडे, ही इन्सॅटची मूळ कल्पना. 1982 मध्ये गेलेला इन्सॅट-1ए काही महिन्यांतच गारद झाला. पुढच्या वर्षी 1बी ‘चॅलेंजर’ या अमेरिकी अंतराळयानातून गेला आणि संसाराला लागला. ‘चॅलेंजर’चं ते उड्डाण स्पेस शटलचं रात्रीचं पहिलंवहिलं उड्डाण होतं.

मेटसॅटची झाली कल्पना
2002 मध्ये पीएसएलव्ही रॉकेटनं नेलेल्या मेटसॅट या हवामान उपग्रहाचं पुढच्याच वर्षी ‘कल्पना-1’ असं नामकरण झालं, अंतराळवीर कल्पना चावला यांच्या स्मरणार्थ.

ढगांपलीकडची कामं
इन्सॅट-3डीएस नुसते ढग मोजत बसत नाही. समुद्रातल्या तरंगत्या यंत्रांची आणि दुर्गम हवामान केंद्रांची माहिती तो पोहोचवतो. संकटात सापडलेल्या बोटीच्या यंत्राची हाकही झेलतो.

शेवटचा वाटखर्च
अशा उपग्रहाचं आयुष्य बरेचदा टाकीतल्या इंधनावर ठरतं, कारण जागेवर टिकून राहायलाही ते लागतं. म्हणून शहाणे नियंत्रक थोडं इंधन राखून ठेवतात. निवृत्तीच्या वेळी त्यावरच उपग्रह आणखी सुमारे तीनशे किलोमीटर वर सरकतो आणि नव्या उपग्रहासाठी जागा रिकामी करून देतो.