उद्या सभागृहात काय?

लोकसभेत उद्या काय चालणार, हे आदल्या संध्याकाळपर्यंत कळते. सचिवालय कामकाजपत्रिका काढते: वर तारीख, सकाळी 11 ची वेळ आणि खाली क्रमाने बाबी. नव्या सदस्याची शपथ असेल तर ती आधी, मग दिवंगतांना श्रद्धांजली, मग प्रश्न, मग पटलावर ठेवायची कागदपत्रे. विधेयकांची पाळी त्यानंतर. कागद दिसायला रेल्वेच्या वेळापत्रकाइतका नीरस. पण कोणता विषय कधी येणार आणि किती वेळ चालणार, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

वेळ ठरवते कामकाज सल्लागार समिती. ती 1952 मध्ये, दादासाहेब मावळंकरांच्या अध्यक्षपदाच्या काळात सुरू झाली. अध्यक्ष धरून 15 सदस्य. या विधेयकाला चार तास, त्याला दोन, अशी वाटणी इथे होते आणि ते तास पुढे पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे विभागतात. एकांड्या खासदाराच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे आली तरी पुष्कळ. तीही घंटीच्या धाकात. सरकारी कामाचा क्रम मात्र अध्यक्ष सभागृह नेत्याशी बोलून लावतात, म्हणजे व्यवहारात सरकारच.

प्रश्नांचे तंत्र निराळे. मंत्रालयांचे पाच गट, प्रत्येकाचा वार ठरलेला. सूचना निदान 15 दिवस आधी द्यायची, मग सोडत. दिवसाला 20 तारांकित प्रश्न छापले जातात. तासाभरात त्यातल्या मोजक्यांनाच तोंडी उत्तर मिळते, बाकीच्यांना लेखी. शून्य प्रहर, म्हणजे प्रश्नांनंतर तातडीचे विषय मांडण्याची वेळ, हा शब्द तर नियमपुस्तकात नाहीच, तरी त्यासाठी खासदारांची धडपड रोजची.

छापलेला कागदही अंतिम नसतो. पूरक कामकाजपत्रिका ऐनवेळी येऊ शकते. 5 ऑगस्ट 2019 रोजी राज्यसभेत अनुच्छेद 370 संबंधीचा ठराव असाच त्या दिवशी सकाळी यादीत आला. अभ्यासाला वेळच मिळाला नाही, अशी विरोधकांची तक्रार होती. ती रास्त होती. आदल्या संध्याकाळी यादी हाती देण्याचा हेतूच तयारीला रात्र मिळावी हा आहे.

शुक्रवारचे शेवटचे अडीच तास मंत्री नसलेल्या खासदारांचे. त्यांची खासगी विधेयके तेव्हा येतात, कोणाचे आधी हे सोडत ठरवते. स्वातंत्र्यानंतर अशी 14 विधेयके संसदेने मंजूर केली. शेवटचे 1970 मध्ये.