हँडब्रेक वर यायला लागलाय? नुसता नट आवळू नका, पूर्ण काम विका



गॅरेज टाकायचं ठरवलेल्या मुलांना मी ट्रेनिंगमध्ये एक प्रश्न नेहमी विचारतो. जुनी गाडी घेऊन गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "हँडब्रेक पार वरपर्यंत येतो, तरी गाडी सरकते. तेवढा टाईट करून द्या." तर तुम्ही काय कराल? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: "सर, केबलचा नट आवळायचा. पाच मिनिटांचं काम."

आज याच पाच मिनिटांच्या कामावर बोलू. कारण तुमचं गॅरेज टिकणार की नाही, हे अशा छोट्या कामांवरच ठरतं.

या कामाला गिऱ्हाईक आहे का?

आहे. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे सगळ्यात नवी ८०० सुद्धा आज दहा वर्षांहून जुनी आहे. जुन्या झेन, सँट्रो, इंडिका वेगळ्याच.

खासगी कारचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, पुढे दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षं झालेल्या कारची ही फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. एवढे पैसे भरून जो माणूस गाडी ठेवतो, तो ती विकणार नाहीये, चालवणार आहे. असं गिऱ्हाईक एकदा आपलं झालं की वर्षानुवर्षं आपलंच.

आणि आपला भाग बघा. दौलताबाद सोडलं की खुलताबादचा घाट, वर म्हैसमाळ, तिकडे कन्नडचा औट्रम घाट. चढावर ट्रॅफिक अडकलं की मागे ट्रक, पुढे बस आणि मधे गाडीत घरची माणसं. त्या वेळी हँडब्रेक धरला पाहिजे.

नुसता नट आवळला की काय होतं?

लिव्हर ओढला की केबल ओढली जाते. केबल मागच्या ड्रममधल्या ब्रेक शूंना बाहेर ढकलते आणि त्यांचे लायनर ड्रमला घासून चाक धरतात. लायनर झिजले की ड्रम आणि लायनरमधली फट वाढते, म्हणून लिव्हर जास्त वर येतो.

नट आवळून तुम्ही फक्त केबल ताणता. झिजलेला लायनर आहे तसाच राहतो, लक्षण तेवढं झाकलं जातं. केबल जास्त ताणली गेली तर शू पूर्ण मागे येत नाहीत, ड्रम तापतो, ॲव्हरेज पडतं. ज्या गाड्यांत शू आपोआप ॲडजस्ट होतात, तिथे ती यंत्रणाही नीट चालत नाही.

कामाचा बरोबर क्रम

(हे मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाड्यांसाठी. मागे डिस्क असेल तर त्या गाडीचं मॅन्युअल बघा.)

१. सपाट जागा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. गाडी न्यूट्रलमध्ये. मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर हात घालायचा नाही.

२. लिव्हर ओढून खटके मोजा आणि लिहून ठेवा. किती हवेत ते मॅन्युअलमध्ये असतं.

३. हँडब्रेक सोडून ड्रम काढा. लायनर किती उरलाय, व्हील सिलिंडर गळतोय का, स्प्रिंग शाबूत आहेत का, बघा. धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसा.

४. केबल बघा. तार तुटायला आली असेल किंवा गंजून आत अडकत असेल तर बदला.

५. केबल ढिली करा, ड्रम बसवा, आधी शू ॲडजस्ट करा. काही गाड्यांत दातेरी चाक फिरवावं लागतं, काहींत पायाचा ब्रेक बऱ्याचदा दाबला की आपोआप होतं.

६. आता सगळ्यात शेवटी केबलचा नट. खटके मॅन्युअलप्रमाणे आले पाहिजेत. लिव्हर सोडल्यावर दोन्ही चाकं मोकळी फिरली पाहिजेत, ओढल्यावर दोन्ही सारखी धरली पाहिजेत.

७. उतारावर ट्रायल घ्या. शक्यतो गिऱ्हाईकाला शेजारी बसवून.

लायनर चांगले निघाले आणि फक्त केबल सैल असेल, तर नट आवळणं हेच बरोबर काम. पण ते तपासल्यानंतर कळतं.

आता पैशाचं बोलू

समजा नट आवळायचे १०० रुपये घेतले आणि पूर्ण कामाचे, दीड तासाचे, ५०० रुपये मजुरी. मिनिटाचा हिशोब लावला तर नट आवळणंच फायद्याचं दिसतं! पण तीच गाडी महिन्याभरात परत आली, की तुम्ही तिला फुकटात हात लावणार. तेवढा वेळ दुसरं काम थांबणार. आणि उतारावर गाडी सरकून कुणाला लागलं, तर गावात पहिलं नाव निघतं ते शेवटी हात लावणाऱ्याचं.

म्हणून तीन सवयी लावून घ्या:

• तपासणीची मजुरी आधी सांगा, पार्टचे पैसे वेगळे दाखवा. जुना लायनर गिऱ्हाईकाच्या हातात द्या. मग "महाग पडतंय" हे वाक्य कमी ऐकू येईल.

• जॉब कार्डवर आधीचे खटके, नंतरचे खटके, लायनरची स्थिती आणि तारीख लिहा. सहा महिन्यांनी फोन करायला हेच कारण मिळतं.

• गिऱ्हाईक पार्ट बदलायला नाही म्हणालं तर वाद घालू नका, बिलावर तसं लिहा. आणि सांगा: "काका, तोवर चढावर तोंड असेल तर पहिल्या गिअरमध्ये, उतारावर असेल तर रिव्हर्समध्ये लावा, आणि चाकाला दगड लावल्याशिवाय गाडी सोडू नका."

या कामाला लागणारी हत्यारं म्हणजे चांगला जॅक, दोन स्टँड, ठोकळे आणि पान्यांचा सेट. एवढ्यासाठी मोठं कर्ज काढू नका. गरज पडलीच तर मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचं 'शिशु' कर्ज आहे.

या आठवड्याचा गृहपाठ: घरच्या किंवा शेजारच्या जुन्या गाडीचे खटके मोजा आणि तिच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. फरक निघाला तर ते तुमचं पहिलं जॉब कार्ड. भरा आणि आपल्या पुढच्या बॅचला घेऊन या.