साथीच्या काळात दवाखाना उघडायचा, तर आधी डॉक्टरांची खुर्ची कुठे ठेवायची?

मार्च २०२० मध्ये एसटी थांबली आणि भोर-वेल्ह्यातल्या गावांसाठी पुणं एकदम लांब गेलं. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय.) भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे, वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय आहे. पण ताप आला, जुलाब लागले, बीपीची गोळी संपली किंवा हाताला विळा लागला, की माणूस आधी बाजारपेठेतल्या खासगी डॉक्टरकडे जातो. त्या दिवसांत राज्यभर असे अनेक दवाखाने बंद झाले होते. 'डॉक्टर घाबरून घरात बसले' अशा पोस्ट तुम्हीही वाचल्या असतील.

मग भीती खोटी होती का? अजिबात नाही. नवी मुंबईचं एक प्रकरण बघा. तिथल्या महापालिकेने ३१ मार्च २०२० रोजी एका खासगी डॉक्टरांना दवाखाना सुरू ठेवण्याची नोटीस दिली. त्यांनी तो सुरू ठेवला. जूनमध्ये कोरोनाने त्यांचा मृत्यू झाला. केंद्राच्या योजनेतला ५० लाखांचा विमा पत्नीने मागितला, तर उत्तर मिळालं की डॉक्टरांची सेवा सरकारने कोविडसाठी अधिकृतपणे ताब्यात घेतलेली नव्हती. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही दावा फेटाळला. डॉक्टरांच्या सेवा त्या काळात मागवल्या गेल्या होत्या, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं ते थेट डिसेंबर २०२५ मध्ये. तेही प्रत्येक दावा पुराव्यानिशी सिद्ध करायचा, या अटीवर.

दुसरीकडे, दवाखाना बंद म्हणून आजार काही थांबत नाही. भातलावणीला साप चावतो, बाळंतपणाच्या कळा येतात, मधुमेहाचं औषध संपतं. आणि खोऱ्यातला एकुलता डॉक्टर आजारी पडून चौदा दिवस घरी बसला, तर त्याच्या भरवशावरची सगळी गावं तेवढे दिवस वाऱ्यावर. म्हणजे डॉक्टरला वाचवणं हाही रुग्णसेवेचाच भाग झाला.

ते करायचं कसं? इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ झाला. सुरुवातीला सगळा भर फवारणीवर होता. काही ठिकाणी तर माणसांवरच सोडियम हायपोक्लोराइट फवारलं गेलं. त्याने विषाणू जात नाही, उलट डोळ्यांना आणि त्वचेला अपाय होतो, असं सांगून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० रोजी ते करू नका म्हणून बजावलं. टेबल, दाराची कडी पुसायला जंतुनाशक ठीक आहे. पण कोरोना मुख्यतः पसरतो तो श्वासातून बाहेर पडणाऱ्या कणांमधून, आणि त्यातले बारीक कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात.

आता आपल्याकडचा नेहमीचा दवाखाना डोळ्यांसमोर आणा. रस्त्याकडेचा गाळा, पुढे शटर, आत बाकडं, मागे प्लायवूडची केबिन. केबिनला खिडकी नाही, छताला पंखा. हा पंखा तीच हवा गरगर फिरवतो, बाहेर काढत नाही.

खोलीतली हवा तासाला दोनदा बदलत असेल, तर खोकलेल्या पेशंटने सोडलेले ९९ टक्के कण निघून जायला १३८ मिनिटं लागतात. सहा वेळा बदलली तर ४६ आणि बारा वेळा बदलली तर २३ मिनिटं. दर दहा मिनिटांनी पुढचा पेशंट आत येणाऱ्या केबिनमध्ये या आकड्यांचा अर्थ काय, ते वेगळं सांगायला नको. दहा बाय दहा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घ्या. हवा तासाला बारा वेळा बदलायची, तर मिनिटाला २०० घनफूट हवा बाहेर जायला हवी. बारा इंची एक्झॉस्ट फॅनला हे काम जड नाही.

फक्त फॅन कुठे लावला याला फार महत्त्व आहे. समजा केबिनचं पार्टिशन काढलं आणि मागच्या भिंतीला फॅन बसवला. डॉक्टर त्याच भिंतीला पाठ लावून बसले, तर पेशंटचा श्वास त्यांच्या तोंडावरून बाहेर जाणार! खुर्च्यांची अदलाबदल करा. ताजी हवा आधी डॉक्टरकडे, मग पेशंटकडे आणि तिथून बाहेर, पण जिथे माणसं थांबलीत त्या बाजूला नाही. वीज गेली की फॅनही गेला, आणि पावसाळ्यात इकडे वीज कितीदा जाते ते इथल्या लोकांना माहीत आहे. म्हणून समोरासमोर दार-खिडकी असलेली खोली मिळाली तर तीच घ्यावी. नाहीतर साधा ताप-खोकला बाहेर पत्र्याच्या शेडमध्येच तपासावा. शेडमध्ये बसलेला डॉक्टर बघून कोणी नाक मुरडू नये, तो शहाणपणा आहे.

बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत. रांग आत नको, बाहेर अंतर ठेवून. तापाच्या पेशंटची वेळ वेगळी, गरोदर बाया आणि म्हाताऱ्यांची वेगळी. डॉक्टरला एन-९५, तसाच कंपाउंडरलाही. नाव विचारणारा, सगळ्यांत आधी खोकला झेलणारा तोच असतो. दम्याच्या पेशंटला शक्य तिथे नेब्युलायझरऐवजी स्पेसर लावून इनहेलर द्यावा. रेंज असेल तिथे जुन्या पेशंटचं निम्मं काम फोनवर होतं. फोनवरून सल्ला देण्याची नियमावली २५ मार्च २०२० लाच आली होती.

आणि पेशंट म्हणून तुमचं काम? आधी फोन करा. सोबत एकच माणूस न्या. ताप असेल किंवा मुंबई-पुण्याहून कोणी नुकतं घरी आलं असेल, तर दारातच सांगा. डॉक्टरने शटर पूर्ण वर केलं आणि पावसाचे शिंतोडे आत आले, तर ते खाली ओढायला सांगू नका.