आठ चाके, तीन कॉर्ड

बेळगावकरांना स्केटिंगचे कौतुक नवे नाही. संध्याकाळी पोराला रिंकवर सोडायचे, गुडघ्याचे पॅड घट्ट बांधायचे आणि कठड्यावर बसून भाजीची यादी करायची, हे कितीतरी आयांच्या अंगवळणी पडले आहे. ओळीने उभ्या केलेल्या मोटारींखालून अंग जमिनीला टेकवत सरकणाऱ्या आपल्या मुलांचे फोटोही सगळ्यांनी वर्तमानपत्रांत पाहिले आहेत. पण त्याच चार-चार चाकांच्या बुटांवर अमेरिकेत बायका जो खेळ खेळतात, तो पाहिला तर आपले सर शिट्टी वाजवायचीच विसरतील. त्याचे नाव रोलर डर्बी. आणि तो जिथे जिथे रुजला, तिथे बहुतेक ठिकाणी त्याच्या आगेमागे गावातला एखादा पंक बँड असतोच.

आधी खेळ समजून घेऊ. कबड्डी माहीत असलेल्याला तो पाच मिनिटांत कळतो. लंबगोल मैदान, दोन संघ, प्रत्येकी पाच खेळाडू. त्यातली एक 'जॅमर', म्हणजे आपली चढाईपटू. तिच्या हेल्मेटवर चांदणी असते. उरलेल्या चौघी अडवणाऱ्या. दोन्ही संघांच्या आठजणी घोळक्याने चाकांवर फिरत असतात आणि दोन्ही जॅमरनी त्या गर्दीतून वाट काढायची असते. पहिल्या फेरीला गुण नाही. मात्र जी नियम न मोडता आधी बाहेर पडेल, तिला डाव कधी थांबवायचा याचा हक्क मिळतो. पुढच्या फेऱ्यांत प्रतिस्पर्धी संघाच्या जितक्या जणींना मागे टाकाल तितके गुण. डाव फार तर दोन मिनिटांचा, सामना साठ मिनिटांचा. खांद्याने, कंबरेने धडक द्यायला मुभा. कोपर मारले किंवा पाठीत धक्का दिला की तीस सेकंद बाहेर बसायचे. आपला दम मोजणारा 'कबड्डी कबड्डी'चा घोष तेवढा इथे नाही.

हा खेळ काही परवाचा नव्हे. मंदीच्या काळात, १९३५ साली, शिकागोच्या लिओ सेल्त्झर या आयोजकाने तो तिकीट लावून सुरू केला. स्त्रिया आणि पुरुष एकाच नियमांनी खेळत, ही त्या काळात मोठीच गोष्ट. पुढे टेलिव्हिजनने तो घरोघरी नेला. पण खेळ मालकाचा होता. १९७३ साली लिओचा मुलगा जेरी याने धंदा परवडेना म्हणून गाशा गुंडाळला, आणि खेळाडूंना कोणी काही विचारले नाही.

पुन्हा जीव धरला तो २००१ मध्ये, टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात. ऑस्टिन म्हणजे गाण्याबजावण्याचे गाव. संध्याकाळ झाली की गल्लोगल्ली बँड. तिथल्या एका गृहस्थाने बारमध्ये काही बायकांना जमवून डर्बीचा तमाशा उभा करण्याची कल्पना मांडली. लवकरच तो त्यातून बाहेर पडला, बायका मात्र मागे राहिल्या आणि त्यांनी खेळ स्वतःच्या हातात घेतला. त्यांच्यातही कारभारावरून भांडणे झाली, २००३ साली फूट पडली. आपल्या गणेश मंडळांचा इतिहास ठाऊक असणाऱ्याला यात नवल वाटायचे कारण नाही. फुटून निघालेल्या 'टेक्सास रोलरगर्ल्स'नी खर्चिक उतरता लाकडी ट्रॅक सोडून साध्या सपाट जमिनीवर खेळायला सुरुवात केली. जमिनीवर दोर अंथरायचा, त्यावर चिकटपट्टी लावायची. चाकाखाली दोर लागला की हद्द संपली हे न बघता कळते. गोदाम असो वा जुनी रिंक, मैदान तासाभरात तयार. या दोराने खेळ जगभर पोहोचवला, असे माझे स्पष्ट मत आहे. २००४ मध्ये अशा संघांनी एकत्र येऊन महासंघ उभारला. खेळाडूंचा खेळ खेळाडूंनीच चालवायचा, हे त्याचे सूत्र.

आता पंकचा संबंध. १९७७ साली इंग्लंडमध्ये 'साइडबर्न्स' नावाची हौशी पत्रिका निघाली. तिच्यात गिटारच्या तीन कॉर्डची साधी चित्रे काढून, एवढे आले की बँड काढा, असा सल्ला दिला होता. पंकचे सगळे शास्त्र त्यात आले. गुरू, रियाज, कंपनीचा करार यांची वाट पाहायची नाही. आपणच वाजवायचे, आपणच पोस्टर चिकटवायचे, तिकीटही आपणच फाडायचे. कन्नडमध्ये म्हणतात तसे, 'नावे माडोण'. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या 'बिकिनी किल'सारख्या बँडनी हाच हट्ट मुलींच्या बाजूने धरला. मैफलीत मुलींना पुढे जागा द्या, असे त्या मंचावरून सांगत. अशा मैफलींत वाढलेल्या मुली दहा वर्षांनी स्केट बांधू लागल्या. सामन्याच्या मध्यंतरात बँड वाजवी, संघाच्या निधीसाठी मैफल होई, आणि कधी कधी गिटारवालीच मैदानात उतरे.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण न्यूयॉर्कची 'सुझी हॉटरॉड'. हे तिचे डर्बीतले नाव. 'किसी कामिकाझे' या पंक बँडची ती गिटारवादक आणि शहराच्या 'गोथम गर्ल्स' संघटनेची जॅमर. २००३ साली स्थापन झालेल्या या संघटनेत शहरातल्या शहरात खेळणारे चार संघ होते. सुझी 'क्वीन्स ऑफ पेन'ची. क्वीन्स हा न्यूयॉर्कचा एक भाग, त्यामुळे नावात श्लेष आहे: वेदनेच्या राण्या! योगायोग असा, की ज्यांच्यापासून अमेरिकन पंकची गोष्ट सांगायला सुरुवात करतात, ते 'रमोन्स'ही याच क्वीन्सचे. चारही संघांतून निवडलेल्या गोथमच्या संघाने महासंघाचे अजिंक्यपद २००८ मध्ये आणि मग २०११ ते २०१४ सलग चार वर्षे जिंकले. २०११ मध्ये 'ईएसपीएन' मासिकाने खेळाडूंच्या शरीरांवरचा आपला गाजलेला विशेषांक काढला, त्यात होप सोलोसारख्या फुटबॉलपटूबरोबर सुझीही होती. लाखोंच्या मानधनाच्या खेळाडूंशेजारी ही पगार नसलेली.

हो, पगार नाहीच. उलट खेळणाऱ्याने दरमहा वर्गणी भरायची, स्केट आणि पॅड स्वखर्चाने घ्यायचे, सामन्याच्या दिवशी खुर्च्याही मांडायच्या. दिवसा नोकरी, रात्री सराव. हाड मोडले तर आठवड्यांची रजा. पाहणाऱ्यांना त्यातले रंगीत मोजे आणि चावट टोपणनावे तेवढी दिसली. २००९ साली ड्रू बॅरीमोरने दिग्दर्शित केलेला 'व्हिप इट' हा चित्रपट आला, आणि त्यानंतर मुलींची रीघ लागली, तरी वृत्तपत्रांचे लक्ष मोज्यांवरच. यावरून खेळाडूंमध्येच वाद सुरू झाला. खेळ म्हणून मान हवा असेल तर टोपणनावे टाका, खऱ्या आडनावाने उतरा, असे एका बाजूचे म्हणणे. दुसरी बाजू म्हणे, आम्ही आलो ते पंकच्या मैफलीतून. नाव गेले की मग उरले काय? काहींनी आडनाव लावले, काहींनी नाही. दोघींच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण मला दुसरीची बाजू जास्त पटते. पेहलवानाला आखाड्यातले नाव असतेच की!

डिसेंबर २०११ मध्ये टोरोंटोला पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. सरकारने नव्हे, एका डर्बी मासिकाने ती भरवली. तेरा देशांचे संघ आपापल्या खिशातून आणि वर्गणीतून पैसे जमवून आले. अंतिम सामन्यात अमेरिकेने यजमान कॅनडाला ३३६-३३ असे हरवले. विजेत्या संघात सुझी हॉटरॉड होती.