ट्रक शिकवायचा खर्च कुणी करायचा? एका पेपरच्या निमित्ताने

एम.एस्सी. संपल्यावर मी नोकरी धरली तेव्हा एका स्टॅम्प पेपरवर सही केली होती. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर 'प्रशिक्षण खर्च' म्हणून एक लाख रुपये भरायचे. नऊ महिन्यांनी पीएच.डी.ला प्रवेश मिळाला आणि ते एक लाख भरावे लागले. बाबांनी एफडी मोडली. प्रशिक्षण झालं होतं तीन आठवड्यांचं. त्याचा खर्च एक लाख कसा, हे मी दोनदा विचारलं, हिशोब कुणी दाखवला नाही.

त्यामुळे पहिल्या वर्षी मॅडमनी मला वाचायला जो पेपर दिला तो मी जरा रागानेच वाचायला घेतला. विषय होता अमेरिकेतले ट्रक ड्रायव्हर. मॅडमचं म्हणणं, "सर्व्हायवल अ‍ॅनालिसिस शिकायचंय ना, मग माणसं नोकरी कधी सोडतात हे बघ." आज त्याच पेपरबद्दल लिहिते आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना त्यातून दोन गोष्टी मिळतील: प्रश्न कसा बांधायचा आणि 'तुलना कशाशी' हे कसं विचारायचं.

आधी परिस्थिती समजून घेऊ

अमेरिकेत मोठा ट्रक चालवायला वेगळा परवाना लागतो, त्याला सीडीएल म्हणतात. १९८६ च्या कायद्याने तो देशभर एकसारखा झाला. ट्रॅक्टर आणि मागे ट्रेलर अशी जी लांबलचक गाडी आपण सिनेमात बघतो, तिच्यासाठी 'क्लास ए' परवाना. ७ फेब्रुवारी २०२२ पासून नवा परवाना काढणाऱ्याला केंद्र सरकारच्या यादीत नोंद असलेल्या संस्थेतून प्रशिक्षण घेणं सक्तीचं आहे. गंमत म्हणजे किती तास शिकवायचं हे केंद्राचा नियम सांगत नाही. काय शिकवायचं ते सांगतो.

हे कोर्स बहुतेक तीन ते आठ आठवड्यांचे असतात. फी साधारण तीन ते दहा हजार डॉलर. मे २०२४ च्या सरकारी आकडेवारीत अशा ड्रायव्हरची मध्यक वार्षिक कमाई ५७,४४० डॉलर होती. म्हणजे नोकरी लागली की फी वसूल व्हायला हरकत नाही. पण जो माणूस हा कोर्स करायला येतो त्याची आधीची नोकरी बहुधा गेलेली असते. हातात पाच हजार डॉलर असते तर तो आलाच नसता.

मग पैसे येतात कुठून? मुख्य वाटा अशा:

- स्वतःचे पैसे किंवा कर्ज.
- २०१४ च्या रोजगार कायद्याखाली मिळणारी मदत. बेरोजगार किंवा कमी उत्पन्नाच्या माणसाने स्थानिक रोजगार केंद्रात जायचं. तो पात्र ठरला तर राज्याच्या यादीतल्या संस्थेची फी केंद्र भरतं. किती भरायची ते जागेनुसार बदलतं.
- माजी सैनिकांना शिक्षणासाठी मिळणारा लाभ.
- पेल ग्रँट, म्हणजे गरीब विद्यार्थ्यांचं केंद्र सरकारी अनुदान. पण त्याला किमान १५ आठवडे आणि ६०० तासांचा कोर्स लागतो, त्यामुळे ट्रकचे कोर्स बाहेर राहिले. २०२५ च्या कायद्याने ८ ते १५ आठवड्यांच्या कोर्सना दार उघडलं, त्याची सुरुवात १ जुलै २०२६ ही ठरवली. तरी चार आठवड्यांत परवाना मिळवून देणारा कोर्स अजून बाहेरच.
- आणि शेवटची वाट: कंपनीच फुकट शिकवते, बदल्यात करार करून घेते. अमुक महिन्यांच्या आत सोडलं तर फी भर.

ही शेवटची वाट ओळखीची वाटली ना? मलाही वाटली.

कोडं कुठे आहे

गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ च्या पुस्तकात प्रशिक्षणाचे दोन प्रकार सांगितले. एक, जे फक्त त्याच कंपनीत उपयोगी पडतं. दुसरं, जे कुठेही चालतं. परवाना हा दुसऱ्या प्रकाराचा अगदी शुद्ध नमुना. सोमवारी एका कंपनीने मिळवून दिलेला परवाना मंगळवारी दुसऱ्या कंपनीत तितकाच चालतो. मग पहिली कंपनी खर्च का करेल? शिकवायचं आपण आणि थोडा जास्त दर देऊन घेऊन जायचं शेजाऱ्याने. बेकरचं उत्तर असं की अशा शिक्षणाचा खर्च कामगारच करतो, थेट फी भरून किंवा शिकताना कमी पगार घेऊन.

पण कामगाराकडे पैसे नसले तर? बँकेकडे तो तारण काय ठेवणार? घर गहाण ठेवता येतं, डोक्यातलं कौशल्य गहाण ठेवता येत नाही. म्हणजे कंपनीला शिकवायला परवडत नाही, कामगाराला शिकायला परवडत नाही आणि दोघांच्या फायद्याचं प्रशिक्षण होतच नाही. करार ही या कोंडीतून काढलेली वाट.

ट्रकच्या धंद्यात ही कोंडी जास्त घट्ट आहे, कारण तिथे माणसं टिकत नाहीत. लांब पल्ल्याच्या मोठ्या कंपन्यांमधला वार्षिक गळतीचा दर अनेक वर्षं ९० टक्क्यांच्या वर राहिला. इथे एक मिनिट थांबा, हा आकडा नेहमी चुकीचा वाचला जातो. १०० पैकी ९० जण गेले असा त्याचा अर्थ नाही. १०० जागांमागे वर्षात ९० वेळा कुणीतरी सोडून गेलं, असा आहे. एकच जागा वर्षात तीनदा रिकामी होऊ शकते आणि शेजारच्या जागेवर तोच माणूस दहा वर्षं असू शकतो. नवे लोक भराभर जातात, जुने टिकतात. म्हणूनच इथे सरासरीपेक्षा 'कितव्या आठवड्यात सोडलं' हे बघणं महत्त्वाचं.

पेपरमध्ये काय केलं

पेपर मिचेल हॉफमन आणि स्टीफन बर्क्स यांचा. बर्क्स प्राध्यापक होण्याआधी स्वतः ट्रक चालवत, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. त्यांनी एका मोठ्या ट्रक कंपनीचा आतला डेटा मिळवला. कंपनी आधी कराराशिवाय शिकवत होती. मग तिने १२ महिन्यांचा करार आणला: वर्षाच्या आत सोडलं तर दंड. नंतर १८ महिन्यांचा करार आला, त्यात जितके दिवस काम कराल तितकी रक्कम कमी होत जाते.

आता तुम्ही डेटा हातात घेऊन बसला आहात असं समजा. कराराआधीचे ड्रायव्हर आणि करारानंतरचे ड्रायव्हर, दोघांच्या गळतीची तुलना केली की झालं? नाही झालं. मधल्या काळात मंदी आली असेल, डिझेल महागलं असेल, बांधकामात नोकऱ्या कमी झाल्या असतील. मंदीत कुणीच नोकरी सोडत नाही, करार असो वा नसो.

सोय अशी झाली की कंपनीच्या प्रशिक्षण शाळा अनेक होत्या आणि करार सगळीकडे एकाच दिवशी लागू झाला नाही. त्यामुळे एकाच काळात, एकाच मंदीत, काही ड्रायव्हर करारातले आणि काही कराराबाहेरचे असे मिळाले. दोन्ही गटांत झालेल्या बदलांमधला फरक काढायचा. 'फरकातला फरक' ही पद्धत तुम्ही पुस्तकात वाचली असेल, ती अशी वापरतात.

निष्कर्ष: दोन्ही करारांमुळे गळती स्पष्टपणे कमी झाली आणि सर्वात जास्त परिणाम कराराची मुदत संपत येताना दिसला. का ते सोपं आहे. रक्कम वर्षभर तीच असेल तर अकराव्या महिन्यात सोडणं मूर्खपणाचं. आणखी एक महिना दात-ओठ खाऊन काढला की हजारो डॉलर वाचतात. हॅझार्ड, म्हणजे 'आजपर्यंत टिकलेला माणूस या आठवड्यात सोडण्याची शक्यता', आठवड्यागणिक मांडलं की हा परिणाम डोळ्यांनी दिसतो. वर्षाची एकच टक्केवारी काढली असती तर तो हरवला असता.

नफा कुणाचा, तोटा कुणाचा

पुढे त्यांनी गणिती मॉडेल बांधून हिशोब मांडला. कराराशिवायच्या स्थितीच्या तुलनेत करारामुळे कंपनीचा नफा वाढला आणि कामगारांचं हित घटलं.

हे वाक्य वाचून मी मॅडमकडे धावत गेले. "बघा, मी म्हणत होते ना!" त्यांनी शांतपणे विचारलं, "तुलना कशाशी?"

तीन दिवस त्यावर घालवले. प्रशिक्षण कराराविना मिळालं असतं, तर करार लादल्याने कामगाराचं नुकसानच होणार, यात शंका नाही. पण करार नसेल आणि कंपनीने शिकवणंच बंद केलं तर? तेव्हा तुलना 'करार की मुक्त प्रशिक्षण' अशी उरत नाही, 'करार की परवानाच नाही' अशी होते. एकाच कराराला पहिल्या तुलनेत तोटा आणि दुसऱ्या तुलनेत फायदा म्हणता येतं. आणि तिसरी तुलनाही आहे: फी सरकारने भरली तर? प्रश्न विचारणारा कुठे उभा आहे त्यावर उत्तर बदलतं, म्हणून तुलनेची स्थिती लिहूनच ठेवायची.

याच दोघांचा दुसरा पेपर २०२० साली 'क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स' या नियतकालिकात आला. ड्रायव्हरला पैसे मैलांवर मिळतात, म्हणून दोन वर्षं दर आठवड्याला त्यांना विचारलं गेलं, पुढच्या आठवड्यात किती मैल होतील? बहुतेकांचे अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाले, आणि वेळ गेली तरी ही सवय सहज सुटली नाही. ज्याची अपेक्षा जास्त तो नोकरी सोडत नाही. या फाजील आत्मविश्वासाने ड्रायव्हरचं हित काहीसं घटतं, कंपनीचा नफा मात्र बऱ्यापैकी वाढतो. म्हणजे सही करणारा माणूस भविष्यातल्या स्वतःबद्दल चुकीचा अंदाज धरून सही करतो. मी सही केली तेव्हा 'दोन वर्षं काय, सहज जातील' असंच म्हणाले होते. त्या क्षणी ते खरंच वाटत होतं.

कराराची बांधणी

अमेरिकेत आणखी एक पद्धत आहे. फी तुम्ही भरा, कामावर राहाल तशी कंपनी दरमहा थोडी परत करेल. समजा फी ५,००० डॉलर आणि मुदत १० महिने. चार महिन्यांनी सोडलं तर दोन्ही पद्धतींत तुमच्या खिशातून ३,००० जातात. कागदावर सारखंच. पण पहिल्या पद्धतीत जोखीम कंपनीने उचललेली असते आणि तुमच्या डोक्यावर देणं असतं. दुसरीत कंपनी बुडाली किंवा तिने काढून टाकलं तर कर्ज तुमचं आणि परतावा बंद. शिवाय ज्याच्याकडे आधी पैसे नाहीत तो दुसऱ्या दारातून आतच येत नाही.

तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेने जून २०२२ मध्ये अशा मालकाकडच्या कर्जांची चौकशी सुरू केली. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२६ पासूनच्या नव्या करारांत, काही अपवाद ठेवून, अशा अटींना बंदी घातली. आपल्याकडे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात उलटा निकाल दिला: तीन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख, ही अट वैध. तिथे मुद्दा सार्वजनिक बँकेला पुन्हा भरती करण्यासाठी येणाऱ्या खर्चाचा होता. म्हणजे 'बाँड चालतो की नाही' याला एका शब्दात उत्तर नाही. खर्च खरा किती, रक्कम काळानुसार घटते का, काढून टाकलं तरी भरायची का, मिळालेलं कौशल्य बाहेर चालतं का, हे चार प्रश्न विचारायचे.

माझ्या बाँडला हे प्रश्न लावून पाहिले. खर्च: दाखवला नाही. घट: नाही, पहिल्या दिवशी एक लाख आणि सातशेव्या दिवशीही एक लाख. काढून टाकलं तर: कलम अस्पष्ट. कौशल्य: बाहेर कुणी प्रमाणपत्र विचारलं नाही. ट्रक ड्रायव्हरला निदान परवाना तरी मिळतो.

तुमच्यासाठी

तुमच्यातले बरेच जण नेट-सेटचा अभ्यास करता करता नोकरी धरतील, आणि समोर असाच कागद येईल. सही करू नका असं मी म्हणणार नाही, घरची गरज असते. पण हे चार प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फेलोशिप मिळाली तर काय, हेही तेव्हाच विचारा.

आणि पेपर वाचताना एक गोष्ट करून बघा. निष्कर्षाचं वाक्य वहीत उतरवा आणि त्याखाली लिहा, 'तुलना कशाशी?' या पेपरवर अजून एक प्रश्न तुमच्यासाठी सोडते: करारामुळे तेच ड्रायव्हर वेगळे वागले, की करार बघून वेगळेच ड्रायव्हर आले? दोन्ही वेगळे करायला तुम्ही कोणता डेटा मागाल?

मी राग घेऊन वाचायला बसले होते आणि उठताना माझ्याकडे प्रश्न होता. बाबांना हे सगळं सांगितलं, तर म्हणाले, "एक लाखात एवढं शिकलीस, मग प्रशिक्षण महाग नाही पडलं." मी काही बोलले नाही. फेलोशिपची थकबाकी आली की पहिली एफडी त्यांच्या नावाने करायची, एवढं ठरवलं आहे.