भट्टीतली काच : जुळणी आणि निववणी
काच-फ्यूजिंगच्या कार्यशाळेत पहिला धडा काच निवडण्याचा. तापल्यावर सारख्याच प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या काचाच एकमेकींत वितळवता येतात. खिडकीची काच आणि रंगीत फ्यूजिंग काच यांचा जोड निवताना तडकतो. अमेरिकेतील पोर्टलंडची ‘बुल्सआय’ कंपनी (स्थापना १९७४) अशा जुळणाऱ्या काचा तपासून विकते. भट्टीतल्या फळीला आधी पांढरा लेप देतात, नाहीतर काच तिलाच चिकटते. सुमारे ६५० अंश सेल्सियसला काच साच्यात वाकते, ७५०च्या आसपास तुकडे आपापला उठाव राखून चिकटतात, ८००च्या वर एकजीव होतात. खरी कसोटी निववण्यात असते. ४८० अंशांजवळ तापमान रोखून काचेतला ताण जाऊ द्यावा लागतो. जाड काचेला कितीतरी अधिक वेळ. भट्टी घाईने उघडू नये.